गळके बूट आणि प्रवरेची वाट

निवृत्त होईपर्यंत मी प्रवरेचा उगम फळ्यावर एका ठिपक्याने दाखवत आले. जिल्ह्याचा नकाशा काढायचा, पश्चिमेच्या टोकाला खडू आडवा घासून अकोले तालुक्याचे डोंगर दाखवायचे, त्यात एक ठिपका द्यायचा आणि तिथून निघालेली रेघ संगमनेरवरून नेवाशापर्यंत नेऊन गोदावरीत सोडायची. अठ्ठावीस वर्षं हे केलं. रेघेच्या शेवटाला मी अनेकदा गेले होते. ठिपक्यापाशी एकदाही नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच भाद्रपदात मी अण्णांना म्हटलं, "आता जाऊन येऊ."

अण्णा म्हणजे माझे यजमान. मुलं त्यांना अण्णा म्हणतात, त्यांच्या मागे मीही म्हणायला लागले. आम्ही कोपरगावचे. अण्णांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. रसाचा नमुना, पाकाचा नमुना, पाण्याचा नमुना. घ्यायचा, तपासायचा, लिहून ठेवायचा. त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या वेळेवर घेतात, सकाळी चालतात, गोड खात नाहीत. त्यामुळे सगळं ठीक चाललंय अशी माझी समजूत होती.

पुण्याहून मुलाने आम्हा दोघांसाठी बूट पाठवले. घोट्याच्या वर येणारे, जाड, आत मऊ अस्तर असलेले. खोक्यावर पाण्याचा थेंब बुटावर आपटून परत उडत असल्याचं चित्र होतं. अण्णांनी लगेच बादली भरली, बुटात वर्तमानपत्राचा बोळा कोंबला आणि बूट घोट्यापर्यंत पाण्यात तासभर दाबून ठेवला. बोळा कोरडा निघाला.

"एक थेंबसुद्धा नाही," अण्णा म्हणाले.

आम्ही दोघंही समाधानी झालो. बूट घोट्यापर्यंतच बुडवला होता, त्याच्या वर नाही, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

रतनवाडी

राजूरपर्यंत एसटी, पुढे जीप. अकोले मागे पडलं की ऊस संपतो आणि भात सुरू होतं. शेंडीपासून पुढचा रस्ता भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालत जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरलेले उतार, आणि दर अर्ध्या फर्लांगावर रस्त्यावर येऊन पडणारी एखादी धार. जीपवाला त्या धारांखालून गाडी नेताना काचसुद्धा वर करत नव्हता.

रतनवाडीत आम्ही हौसाबाईंकडे उतरलो. साठीच्या आसपासच्या, सडपातळ, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. घराच्या कडेला त्यांनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. सून स्वयंपाक बघते आणि हौसाबाई पाहुण्यांना डोंगरात घेऊन जातात. त्यांची गुरं पावसाळाभर वरच्या रानात असतात, म्हणून रोज तिकडे एक फेरी असतेच. पाहुणे असले तर बरोबर, नसले तर एकट्या.

जेवायला तांदळाची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि रानातली कुर्डूची भाजी होती. अण्णांनी मधुमेहाचं सांगितल्यावर सुनेने लगेच त्यांच्यापुरती नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी थापली. काळसर, खरपूस. आमच्याकडे बाजरीला जो मान, तो इथे नागलीला. जेवताना बाहेर सतत पाण्याचा आवाज येत होता. कोपरगावला कालव्याचं आवर्तन कधी सुटणार यावर लोक महिना महिना बोलतात, पाणी आलं की बांध नीट करून ते शेतात कोंडून घेतात. हौसाबाईंच्या अंगणात उलटं होतं. घराच्या चारी बाजूंनी त्यांनी चर काढले होते आणि जेवण झाल्यावर त्या कुदळ घेऊन एक चर मोकळा करायला गेल्या. पाणी आलंय ते लवकर पुढे जावं, एवढीच तिथल्या लोकांची इच्छा.

परत आल्यावर त्यांचं लक्ष दाराशी ठेवलेल्या आमच्या बुटांकडे गेलं. एक बूट उचलून त्यांनी हातात तोलला.

"हे घालून नदीत येनार तुमी?"

"पाणी आत जात नाही त्यांच्यात," अण्णांनी सांगितलं. बादलीचा प्रयोगही सांगितला.

हौसाबाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "पन पानी वरनं येतं की."

अण्णा सौजन्याने हसले. मीही.

पहिली चाल

रतनवाडीहून रतनगडाकडे जाणारी वाट आणि प्रवरा या दोघी काही अंतर बरोबरच चालतात. म्हणजे वाट नदीच्या डावीकडून सुरू होते, मग पाण्यातून उजवीकडे जाते, पुन्हा डावीकडे येते. प्रवरा तिथे नदी म्हणावी एवढी मोठी नाही. दोन्ही काठांवरची झाडं वर एकमेकांना भेटतात आणि खाली गोल धोंड्यांमधून पाणी वाहतं. तळाचा प्रत्येक दगड दिसेल इतकं नितळ.

पहिल्या ओलांडणीला पाणी गुडघ्याला लागलं. पहिल्या पावलाला काहीच झालं नाही. दुसऱ्या पावलाला गार पाणी नडगीवरून बुटात उतरलं आणि तिथेच राहिलं. पलीकडे चढले तेव्हा पाय उचलेना. प्रत्येक पावलाला बुटात पचक पचक आवाज. बसून बूट काढला, उलटा केला, तांब्याभर पाणी पडलं. पण अस्तर भिजलं होतं ते भिजलंच. जे बूट बाहेरचं पाणी आत येऊ देत नव्हते ते आतलं पाणीही बाहेर सोडत नव्हते.

हौसाबाईंच्या पायांत प्लास्टिकचे, जागोजागी भोकं असलेले स्वस्तातले बूट होते. काठावर येऊन त्यांनी एक पाय किंचित उचलला, मग दुसरा. भोकांतून पाणी गळून गेलं आणि त्या चालायला लागल्या.

तिसऱ्या ओलांडणीनंतर माझी उजवी टाच जळजळायला लागली. थांबले, मोजा पिळला, टाचेपाशी त्याची घडी सरळ केली, घरून आणलेली चिकटपट्टी लावली. अण्णा काठी टेकून उभे होते.

"तुमच्या पायाला काही होतंय का?" मी विचारलं.

"मला काही नाही. मला छान बसलेत बूट." त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

आणखी तासभर चाललो. एका सपाट खडकावर हौसाबाई थांबल्या. त्यांनी कमरेची पुरचुंडी सोडून भाजलेले शेंगदाणे सगळ्यांना दिले. अण्णांनी बूट काढून पाणी ओतलं आणि लगेच परत घालायला घेतला. हौसाबाई खडकावरून ओघळणाऱ्या त्या पाण्याकडे बघत होत्या.

"अन्ना, पानी तांबडं का हाय?"

"माती असेल," अण्णा म्हणाले.

"नदीचं पानी नितळ हाय. माती कुटनं येईल?"

मी त्यांच्या हातातून बूट घेतला आणि त्यांचा मोजा काढला. टाचेची कातडी निघून बाजूला गोळा झाली होती. आतली लाल जागा लिंबाच्या फोडीएवढी होती, आणि तिच्या कडेला एक बारीक खडा रुतलेला होता. तो खडा किती वेळ तिथे होता कोण जाणे. अण्णा वाकून बघत होते, पण दुसऱ्या कुणाचा तरी पाय बघावा तसे.

मी त्यांचा अंगठा दाबला. "कळतंय?"

"नाही."

पावलाचा मधला भाग दाबला. मग घोट्याजवळ.

"तिथे थोडं."

"हे केव्हापासून आहे?"

हौसाबाई उठून पाण्याच्या कडेला गेल्या. आम्हाला बोलता यावं म्हणून गेल्या, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"बोटांचं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं," अण्णा म्हणाले. "मग हळूहळू वर आलं."

"डॉक्टरांना माहीत आहे?"

"त्यांना माहीत आहे."

"म्हणजे फक्त मला नाही."

"तुला सांगितलं असतं तर तू मला घराबाहेर पडू दिलं नसतंस, मालती. इथेही आलो नसतो."

ते खरं होतं. मी नसतंच येऊ दिलं. त्यामुळे राग आणखी वाढला. मला दुखलं म्हणून मी थांबले होते, पट्टी लावली होती. त्यांना दुखलंच नव्हतं, म्हणून ते चालत राहिले होते, आणि मी ते बळकटपणाचं लक्षण समजले होते.

आता परत जाणं भाग होतं आणि वाटेत तीन ठिकाणी नदी होती. जखम त्या पाण्यात घालायची नाही एवढं मलाही कळत होतं. हौसाबाईंनी थोडा विचार केला. "वरल्या अंगानं गुरांची वाट हाय. लांब पडती, पन तिकडनं नदी एकदाच लागती. बसा इथंच, मी आले."

अर्ध्या तासाने त्या परतल्या तेव्हा त्यांच्या हातात खताच्या गोणीतली आतली प्लास्टिकची पिशवी होती. त्यांच्या वरच्या भातखाचरातल्या झोपडीतून आणलेली, ओढ्यावर उलटीसुलटी करून धुतलेली. मी पिण्याच्या बाटलीतल्या पाण्याने जखम धुतली, स्वच्छ रुमाल बांधला, वरून पिशवी मांडीपर्यंत ओढून सुतळीने आवळली. पिशवी फाटू नये म्हणून बाहेरून हौसाबाईंनी आपलं जुनं फडकं गुंडाळलं. एका पायात बूट आणि एका पायात हे बोचकं घालून अण्णा काठी टेकत चालले. नदी आली तेव्हा एका बाजूने हौसाबाई आणि दुसऱ्या बाजूने मी, असं त्यांना धरून आम्ही पलीकडे नेलं. ते मध्येच म्हणाले, "पिशवी चांगली आहे, आत काही आलं नाही." हौसाबाईंच्या घरी पोचेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

राजूर

दुसऱ्या दिवशी सकाळी राजूर गाठलं. तिथल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी जखम साफ केली, कडेची कातडी कापली, आणि ते सगळं चालू असताना अण्णा भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होते. एवढं करताना माणूस कळवळायला हवा. ते शांतपणे तक्ता वाचत होते, ते बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

"वेळेत बघितलंत म्हणून वरवर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी दोन-तीन तास चालला असतात तर वेगळं बोलावं लागलं असतं."

"नदीतल्या पाण्याने झालं का?" मी विचारलं.

"नुसत्या पाण्याने नाही. पाणी बुटात अडकलं, कातडी भिजून मऊ पडली आणि त्या मऊ कातडीवर ओला मोजा घासत राहिला. पाणी आलं आणि गेलं असतं तर एवढं झालं नसतं."

"म्हणजे यांनी आता कधीच पाण्यात जायचं नाही?"

त्यांनी अण्णांकडे पाहिलं. "जखम पूर्ण भरल्याशिवाय नाही. नंतरही अनवाणी कधीच नाही, चप्पल घालूनही नाही. बोटं झाकलेली पाहिजेत. पाय घालण्याआधी बुटात हात घालून खडा बघायचा. आणि बाहेर आल्यावर लगेच कुणीतरी पाय बघायचे. त्यांना स्वतःला कळणार नाही, म्हणून दुसऱ्याने बघायचे."

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर बाजाराच्या रस्त्याला बूट-चपला शिवणारे दगडूभाऊ बसले होते. डोक्यावर ताडपत्री, पुढ्यात ऐरण, पाठीमागे दोरीला टांगलेले विकाऊ जोड. अण्णा एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायाला पट्टी अशा अवस्थेत त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसले आणि पिशवीतून तो नवा बूट काढला.

"याला खाली कडेने भोकं पाडून द्याल?"

दगडूभाऊंनी बूट फिरवून पाहिला. "नव्या बुटाला?"

"पाणी बाहेर जायला हवं."

"भोक पाडाया माझं काय जातंय," दगडूभाऊ म्हणाले. "पन पाडून उपेग न्हाई." त्यांनी आतलं अस्तर चिमटीत धरून पिळलं. काल दुपारी भिजलेला बूट, रात्रभर चुलीजवळ ठेवलेला, तरी त्यातून पाण्याचे थेंब निघाले. "ह्यो कापूस पानी पितो. भोकातनं जाईल ते जाईल, ह्याच्यातलं कसं काढनार? हे थंडीचे बूट हायेत, साहेब. बर्फाचे. नदीचे न्हाईत."

"मग नदीचे कसले?"

"पानी आत येनारच. ते जायाला वाट ठेवलीय का न्हाई, तेवढं बघायचं."

अण्णांमधला प्रयोगशाळेतला माणूस जागा झाला. त्यांनी शेजारच्या चहावाल्याकडून मगभर पाणी मागून घेतलं आणि म्हणाले, "आपण बघूच." दगडूभाऊंनाही गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी मागचे चार जोड दोरीवरून काढून पुढे मांडले.

आधी कापडी बूट. त्यात पाणी ओतून दगडूभाऊंनी तो वर धरला. पाणी कापडातून झिरपत गेलं, बरंच गेलं, पण तळाला अंगठा दाबला की पुन्हा वर यायचं. "फोम," दगडूभाऊ म्हणाले आणि तो बाजूला ठेवला. मग पट्ट्यांची प्लास्टिकची सँडल. तिच्यात पाणी थांबायचा प्रश्नच नव्हता, पण बोटं उघडी. डॉक्टरीणबाईंचं बोलणं माझ्या कानात ताजं होतं. तिसरा हौसाबाईंसारखा भोकांचा बूट. पाणी लगेच गेलं. अण्णांनी भोकात करंगळी घालून पाहिली आणि मान हलवली. एवढ्या भोकातून खडा आत येईल, आणि आलेला त्यांना कळणार नाही.

चौथा जोड करड्या रंगाचा होता. वर बारीक जाळी, पुढे बोटांवर रबराची टोपी, आणि पावलाच्या खोबणीपाशी तळव्याच्या दोन्ही अंगांना तांदूळ जेमतेम जाईल अशी बारीक छिद्रं. पाणी ओतल्यावर मी मनात आकडे मोजले. वीस म्हणेपर्यंत बूट रिकामा झाला. आत बोट फिरवलं तर ओलं होतं, पण साठलेलं काही नव्हतं. दगडूभाऊंनी बूट उलटा करून तळाची नक्षी दाखवली. "हिच्यात अंतर बघा. लई बारीक असली की चिखल बसतो, मंग शेवाळावर पाय ठरत न्हाई. हिच्यातनं चिखल निघून जातो. आनि मोजा पातळ घाला, सुती नको."

अण्णांनी माझ्या मापाचा जोड मागितला. "तू उगमापर्यंत जाऊन ये," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "हौसाबाई आहेत बरोबर. मी खोलीवर पाय वर करून बसतो. माझ्यासाठी तू तो ठिपका सोडून येऊ नकोस."

स्वतःसाठी त्यांनी काही मागितलं नाही. मी दगडूभाऊंना म्हटलं, "यांच्या चांगल्या पायाचं माप घ्या. अर्धा नंबर वाढवून अजून एक जोड द्या."

दगडूभाऊंनी माप घेण्यासाठी त्यांचं पाऊल हातात घेतलं तेव्हा ते समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. आमचं भांडण तिथेच संपलं. त्याविषयी पुन्हा बोलणं झालं नाही.

दुसरी चाल

दोन दिवसांनी मी आणि हौसाबाई निघालो. पहिल्या ओलांडणीला पाणी तसंच गुडघ्यापर्यंत होतं. जाळीतून ते इतकं चटकन आत आलं की मी दचकले. वाटलं, हे तर अनवाणी चालल्यासारखंच आहे. पण पलीकडच्या काठावर दहा-पंधरा पावलांत बूट हलके झाले. पाय ओले होते, पण पाण्यात नव्हते. या दोन गोष्टींत किती अंतर आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. तिसऱ्या ओलांडणीनंतर मी पाय पाहिले, पाचव्यानंतर पुन्हा पाहिले. बोटांची कातडी सुरकुतली होती, बाकी काही नाही.

"आमचं भात लावताना बघा," हौसाबाई म्हणाल्या. "महिना महिना चिखलात. बोटांच्या बेचकीत चिखल्या व्हत्यात, चालता येत न्हाई. मेंदीचा पाला वाटून लावायचा. संध्याकाळी पाय कोरडे करून बसायचं, तेच औशीद."

"तुम्हाला कोण बघतं पाय?"

त्यांना प्रश्नाची गंमत वाटली. "मला कळतंय की माझं."

दुपारी बाराच्या सुमाराला वर गडाकडचं आभाळ काळं झालं. आमच्या अंगावर ऊन होतं. पुढची ओलांडणी दिसत होती, पाणी जेमतेम पोटरीएवढं. मी उतरायला लागले, तर हौसाबाईंनी माझा दंड धरला.

"थांबा बाई. काड्या बघा."

पाण्यावरून सुकी पानं आणि काड्या एकदम जास्त यायला लागल्या होत्या. मग पाण्याचा नितळपणा गेला, ते ताकासारखं गढूळ झालं. आम्ही काठावरून वर सरकून एका मोठ्या धोंड्यावर बसलो. बघता बघता ज्या दगडावर मी पाय ठेवणार होते तो दिसेनासा झाला. पाण्याचा आवाज इतका वाढला की शेजारी बसून मोठ्याने बोलावं लागे. बूट कितीही चांगला असता तरी तिथे काही उपयोग नव्हता. हौसाबाई नसत्या तर मी नदीच्या मधोमध असते, ही गोष्ट मला घरी आल्यावर पुन्हा पुन्हा आठवली. त्या वेळी मात्र आम्ही शांतपणे शेंगदाणे खात बसलो. दीड तासाने पाणी उतरलं. हौसाबाईंनी पाण्यात काठी खुपसून खोली पाहिली, थोडं थांबल्या, पुन्हा पाहिली, आणि मग म्हणाल्या, "चला."

वर चढत गेलो तसे काठ जवळ येत गेले. नदीचा ओढा झाला, ओढ्याची धार झाली. शेवटी एका ओल्या काळ्या कातळापाशी वाट संपली. कातळावर हिरवं मऊ शेवाळ आणि त्यातून ठिकठिकाणी थेंब सुटत होते. खाली एका खळग्यात ते जमत होते आणि खळग्याच्या तोंडातून करंगळीएवढी धार बाहेर पडत होती.

"हाच उगम का?" मी विचारलं.

"आता कंचा म्हनायचा?" हौसाबाईंनी आजूबाजूला हात फिरवला. डावीकडच्या झाडीतून पाणी झिरपत होतं, उजवीकडच्या घळीतून आवाज येत होता. "सगळा डोंगरच पाझरतोय. ह्यो आमच्या गुरांचा पानवठा, म्हून मी हितं आनलं."

म्हणजे मी एवढी वर्षं काढत आले तसा ठिपका तिथे नव्हताच. तिथे ओला डोंगर होता. मला वाईट वाटलं नाही. मी खळग्याच्या कडेला बसले आणि धारेत बुटासकट एक पाय ठेवला. पाणी जाळीतून आत आलं, छिद्रांतून बाहेर गेलं आणि खाली निघून गेलं.

संध्याकाळी अण्णांनी सगळं विचारून घेतलं. धार किती जाड होती, पाणी कुठल्या दिशेने येत होतं, शेवाळ कोणत्या रंगाचं होतं. त्यांचा पाय उशीवर होता. मी सांगत असताना त्यांनी पट्टी बदलायचं सामान काढून ठेवलं आणि पाऊल माझ्या पुढ्यात केलं.

कार्तिकात

जखम भरायला पाच आठवडे लागले. कोपरगावला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाय तपासला आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. वर एक मर्यादा घातली: पाण्यात फक्त दहा मिनिटं. कार्तिक अर्धा झाला होता तेव्हा आम्ही पुन्हा रतनवाडीला गेलो.

भात कापून झालं होतं. खाचरांत नुसते खुंट राहिले होते आणि हौसाबाईंच्या अंगणात झोडणी चालू होती. नदीचा आवाज आता घरात येत नव्हता, त्यासाठी जवळ जावं लागत होतं. हौसाबाईंनी अण्णांचा पाय बघायला मागितला. टाचेवरच्या नव्या गुलाबी कातडीवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि "ब्येस" एवढंच म्हणून त्या कामाला लागल्या.

पहिल्या ओलांडणीपर्यंत सपाट वाट आहे. काठावर बसून मी अण्णांच्या बुटांत हात घातला, टोकापर्यंत चाचपडून पाहिलं, मोजे उलटे करून झटकले, मग त्यांच्या पायांत चढवले. बंद आवळून बांधले. पाणी आता नडगीलाही लागत नव्हतं. अण्णांनी एक हात माझ्या खांद्यावर आणि एक काठीवर ठेवला आणि आम्ही दोघं पाण्यात उतरून उभे राहिलो. ऊन पानांमधून खाली आलं होतं. त्यांच्या बुटांभोवती पाणी दुभंगून पुन्हा एक होत होतं.

बराच वेळ ते खाली बघत होते.

"गार आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे. खूप."

"कुठे?"

मी लक्ष देऊन पाहिलं. एवढं लक्ष मी माझ्या पायांकडे कधी दिलं नव्हतं. "बोटांपाशी जास्त. धार तिकडून येतेय ना. टाचेपाशी कमी लागतंय, टाच वाळूत आहे. घोट्याला नुसती कड लागतेय."

"आणि आता?"

"आता एक पान आलंय. घोट्याला अडकलं. थरथरतंय." मी थांबले. "गेलं."

अण्णांनी डोळे मिटले होते. खांद्यावरचा त्यांचा हात किंचित घट्ट झाला.

"सांगत राहा," ते म्हणाले. त्यांची दहा मिनिटं अजून संपायची होती.